तीन झेंडे लागले, तरी माणसे घरातच का राहिली?

गेल्या महिन्यात एका वाडीतील छोट्या ख्रिस्ती समूहाची बैठक होती. पावसाळ्याच्या तयारीविषयी बोलणे चालले होते. बोलता बोलता एक काका म्हणाले, "हल्ली चार-चार दिवस आधी वादळाची सूचना मिळते. टीव्हीवर नकाशा दाखवतात. तरी गरीब देशांत माणसे मरतात ती मरतातच. लोक ऐकतच नाहीत, त्याला कोण काय करणार?" बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. एका बाईंनी "देवाची इच्छा" म्हणून विषय मिटवला. आम्हीही त्या वेळी काही बोललो नाही. पण घरी आल्यावर तो प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून आजचा हा अभ्यासलेख.

'लोक ऐकत नाहीत' हे म्हणणे तपासून पाहायचे असेल, तर त्यासाठी बांगलादेशाच्या किनाऱ्यासारखी दुसरी जागा नाही. गेल्या पन्नास वर्षांत तिथे समुद्र तोच राहिला, वादळेही येतच राहिली. मात्र एका वादळात मरणाऱ्यांचा आकडा लाखांवरून हजारांवर आणि हजारांवरून शेकड्यांच्याही खाली आला. हे कसे झाले ते नीट पाहिले, तर आपल्या काकांना उत्तर देता येईल.

१२ नोव्हेंबर १९७० ची रात्र. त्या वेळी हा प्रदेश पूर्व पाकिस्तान होता. मेघना नदीच्या मुखाशी भोला, हातिया, मनपुरा अशी सखल बेटे आहेत आणि त्यांच्या आजूबाजूला अनेक 'चर' आहेत. चर म्हणजे नदीने आणून टाकलेल्या गाळाचे बेट. काही ठिकाणी ते भरतीच्या पाण्यापेक्षा जेमतेम हातभर उंच असते. भातकापणीचा हंगाम होता. वादळ नेमके भरतीच्या वेळी आले आणि वीस फुटांहून उंच पाण्याची भिंत या बेटांवरून गेली. कमीत कमी तीन लाख माणसे गेली, काही अंदाज पाच लाखांपर्यंत जातात. भोलातील तजुमुद्दीन या एका तालुक्यात सुमारे ४५ टक्के लोक एका रात्रीत नाहीसे झाले.

आता इथे काकांचे म्हणणे अगदी खरे वाटेल अशी एक गोष्ट सांगतो. नंतर झालेल्या अभ्यासात आढळले, की वादळ येत आहे हे त्या भागातील ९० टक्क्यांहून जास्त लोकांना ठाऊक होते. रेडिओवर सांगितले होते, बाजारात बोलणे झाले होते. आणि पक्क्या इमारतीत आसरा घेणारे किती? जेमतेम एक टक्का. म्हणजे 'लोक ऐकत नाहीत' हे सिद्धच झाले की!

पण थांबा. पक्क्या इमारती होत्या तरी किती? मैलोनमैल सपाट गाळ, त्यावर मातीचा चौथरा, बांबूच्या तट्ट्या, वर पेंढ्याचे छप्पर. कुठेतरी एखादी शाळा, एखादी सरकारी कचेरी. तीही किती तरी कोसांवर, मध्ये खाडी, पूल नाही, बाहेर काळोख आणि वारा. सूचना ऐकून कुणी निघालाच असता तर गेला कुठे असता? ऐकणे आणि जाता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बैठकीत आपण त्या एकच धरून चाललो होतो.

त्या वादळानंतर ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेतील डॉक्टरांनी गावोगाव फिरून पाहणी केली. त्यांनी पाहिलेल्या भागात साधारण सहा माणसांमागे एक गेला होता. गेलेल्यांत सुमारे निम्मी दहा वर्षांखालील मुले होती. त्याखालोखाल म्हातारी माणसे आणि बायका. वाचलेल्यांच्या छातीवर, दंडांच्या आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला त्यांना खरचटल्याच्या जखमा दिसल्या. रात्रभर झाडाला मिठी मारून राहिल्याच्या त्या खुणा होत्या. ज्याच्या हातांत जोर होता तो झाडाला धरून राहिला. ज्या आईच्या एका हातात मूल होते तिला झाडासाठी एकच हात उरला होता. पाण्याने कुणाला निवडले नाही हे खरे, पण ही निवड पाणी येण्याच्या आधीच कशी झालेली होती ते त्या जखमांवरून कळते.

आपल्यापैकी ज्येष्ठांना आठवत असेल, त्याच महिन्यात परमगुरूस्वामी सहावे पॉल मनिलाला जात होते. २६ नोव्हेंबरच्या रात्री त्यांचे विमान वाट वाकडी करून ढाक्याला उतरले. विमानतळावरच त्यांनी वादळग्रस्तांसाठी सांत्वनाचे शब्द आणि मदत दिली आणि पुढे निघाले. दुसऱ्या दिवशी मनिलाच्या विमानतळावर त्यांच्यावर चाकूहल्ला झाला आणि जगभर त्याचीच बातमी झाली. ढाक्याचा तो थांबा विस्मरणात गेला. पण तिथल्या ख्रिस्तसभेने त्या वादळानंतर मदत आणि पुनर्वसनासाठी जे संघटन उभे केले, तेच १९७६ पासून 'कारितास बांगलादेश' या नावाने काम करीत आहे. ज्या देशात कॅथलिकांची संख्या शंभरात एकही भरत नाही, तिथले हे काम आहे.

दगडावर घर बांधणारा शहाणा आणि वाळूवर बांधणारा मूर्ख, हा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. चरावर घर बांधणाऱ्याची हकिकत वाचताना आम्हाला तो दाखला वेगळाच वाटू लागला. हा माणूस मूर्ख नाही. त्याची आधीची जमीन नदीने कापून नेली. उंचावरची, बांधाच्या आतली जमीन ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांची. उरला तो नवा वर आलेला गाळ. त्यावरही बड्या जमीनदारांचा डोळा असतो आणि त्यांचे लाठीधारी ताबा घ्यायला टपलेले असतात. कागद नाही, सातबारा नाही, राहतो तोच मालक. अशा माणसाला सांगायचे, "घर सोड आणि चार मैलांवर जा." तो गेला तर परत येईपर्यंत घर राहील का, हा त्याचा एक प्रश्न आणि जमीन आपली राहील का, हा दुसरा. वाळूवर घर बांधायला माणूस कसा भाग पडतो, हे विचारणे त्या दाखल्याच्या विरुद्ध जाते असे आम्हाला वाटत नाही.

यानंतर २९ एप्रिल १९९१. चितगाव आणि कॉक्स बाजारचा किनारा, संदीप आणि कुतुबदिया ही बेटे. या वेळी सूचना १९७० पेक्षा कितीतरी चांगली होती. रेड क्रेसेंटचे स्वयंसेवक भोंगे घेऊन फिरले होते. तरीही सुमारे १ लाख ३८ हजार माणसे गेली.

त्यानंतर पुन्हा पाहणी झाली आणि तिच्यातील एक निष्कर्ष आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो. सिमेंट-विटांच्या इमारतीपर्यंत जे पोचू शकले नाहीत, त्यांच्यापैकी सुमारे २२ टक्के गेले. जे पोचले, त्यांच्यापैकी एकही गेला नाही. एकही नाही! म्हणजे प्रश्न एवढाच उरतो, की पोचले कोण आणि राहिले कोण. त्याच पाहणीत दहा वर्षांखालील मुलांत २६ टक्के आणि चाळिशी ओलांडलेल्या बायकांत ३१ टक्के मृत्यू आढळले.

बायका का राहिल्या? जी कारणे पुढे आली त्यांत विचित्र असे एकही नाही. सूचना बाजारात दिली गेली, बाजारात पुरुष असतात. घरी बातमी पोचली ती उशिरा आणि अर्धवट. नवरा बाहेर असताना त्याला न विचारता घर सोडले तर लोक काय म्हणतील? आसऱ्याच्या इमारतीत शेकडो परके पुरुष, बायकांना वेगळी खोली नाही, वेगळे शौचकूप नाही. गरोदर बाईने किंवा वयात आलेल्या मुलीने तिथे रात्र कशी काढायची? अंगावर पाच-सहा वारांची साडी, केस लांब, पोहता येत नाही. सासू चालू शकत नाही, तिला सोडून कसे जायचे? शिवाय गोठ्यात गाय. गाय म्हणजे दूध, नांगर, मुलीचे लग्न आणि आजारपणातला पैसा, सगळे काही. इमारतीत गायीला जागा नाही. आणि याआधी दोनदा सूचना आली होती, तेव्हा काहीच झाले नव्हते.

आता आपल्याच घरातल्या बायकांना विचारून पाहावे. यातली किती कारणे त्यांना समजावून सांगावी लागतील?

अशा माणसांना बाहेरून आलेले लोक बरीच वर्षे 'दैववादी' म्हणत आले. 'अल्लाची मर्जी' म्हणून बसून राहतात, असे लिहीत आले. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले तेव्हाही लोकांनी अशीच सोपी कारणे शोधली होती. ते काही इतरांपेक्षा मोठे पापी नव्हते, असे प्रभूने स्पष्ट सांगितले (लूक १३). १९७६ साली काही अभ्यासकांनी 'नेचर' या नियतकालिकात लिहिले, की संकटांना 'नैसर्गिक' म्हणणे आता सोडायला हवे. वादळ नैसर्गिक असते, पण त्यातून होणारा अनर्थ माणसांच्या व्यवहारातून घडतो. याच अर्थाने एक तुलना पाहा. १९९२ साली अँड्र्यू नावाचे तितकेच भयंकर वादळ अमेरिकेतील फ्लोरिडावर धडकले. नुकसान अब्जावधी डॉलरचे झाले, पण मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. तिथल्या लोकांकडे मोटारी होत्या, रस्ते होते, विमा होता. ते आपल्यापेक्षा जास्त श्रद्धावान होते, म्हणून वाचले असे कुणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

बांगलादेशात बदल कसा झाला, ते थोडे सविस्तर सांगायला हवे. तेथील रेड क्रेसेंट आणि सरकार यांनी मिळून १९७२ मध्ये वादळ-सज्जतेचा कार्यक्रम सुरू केला. गावातल्याच माणसांची पथके नेमली. सूचना आली की पथक खांबावर लाल झेंडे लावते. एक झेंडा म्हणजे सावध राहा, दोन म्हणजे तयारी करा, तीन म्हणजे निघा. वाचता येत नसले तरी झेंडे मोजता येतात. पण झेंड्यांवर भागत नाही हे १९९१ ने दाखवून दिले होते. म्हणून न गेलेल्यांनी जी कारणे सांगितली, त्यांच्यावर एकेक करून काम झाले. आसऱ्याच्या इमारती वाढल्या. त्या खांबांवर उभ्या केल्या आणि एरवी तिथे शाळा भरू लागल्या. त्यामुळे वाट ओळखीची झाली आणि दाराला कायमचे कुलूप राहिले नाही. कारितासनेही अशा बऱ्याच इमारती बांधल्या. पुढे बांधलेल्या इमारतींत बायकांसाठी वेगळ्या खोल्या आणि वेगळी शौचकूपे आली. काही ठिकाणी गुरांसाठी वेगळा मजला किंवा चढण्यासाठी उतरण केली. जनावरांसाठी मातीचे उंच टेकाड रचण्याची पद्धत तर १९७० च्या दशकातच सुरू झाली होती. त्याला तिकडे काय म्हणतात माहीत आहे? 'किल्ला'! शिवरायांच्या मुलखातल्या आम्हाला हा शब्द वाचून मौज वाटली. तिकडचा किल्ला गायीसाठी असतो.

सगळ्यात मोठा बदल पथकांमध्ये झाला. आज या कार्यक्रमात ७६ हजारांहून अधिक स्वयंसेवक आहेत आणि त्यांत निम्म्या महिला आहेत. पडद्यात राहणाऱ्या बाईच्या दारात परका पुरुष भोंगा घेऊन उभा राहिला तर ती बाहेर येणार नाही. शेजारची ओळखीची बाई आत जाते, चुलीपाशी बसते, पोराला कडेवर घेते आणि म्हणते, "चल, मी पण येतेय." हे काम भोंग्याने होत नाही.

१५ नोव्हेंबर २००७ ला सिद्र नावाचे वादळ आले. जोर १९९१ च्या वादळाच्या तोडीचा. या वेळी सुमारे ३,४०० माणसे गेली. सुंदरबनच्या जंगलाने बराच मार आपल्या अंगावर घेतला, हेही खरे. २० मे २०२० ला, कोरोनाच्या ऐन भरात, अम्फान आले. किनाऱ्याला लागेपर्यंत ते काहीसे ओसरले होते. बांगलादेशात सुमारे २४ लाख लोकांना हलवले गेले. दाटी होऊ नये म्हणून शाळा-कॉलेजे धरून १२ हजारांवर इमारती उघडल्या गेल्या. त्या देशातील मृतांचा आकडा तीसच्या आसपास राहिला. हेच ते 'दैववादी' आणि 'न ऐकणारे' लोक. जायला जागा मिळाली, तेव्हा ते गेले.

तरी सगळे छान झाले असे म्हणून लेख संपवणे खोटेपणाचे होईल. जीव वाचवणे जमले, पण जगणे वाचवणे अजून जमलेले नाही. २५ मे २००९ च्या आयला वादळात बांगलादेशात दोनशेच्या आत माणसे गेली. वर्तमानपत्रांच्या हिशेबाने ते लहान वादळ. पण नैऋत्येकडील कोयरा, दाकोप, श्यामनगर या भागांत समुद्राचे बांध फुटले आणि खारे पाणी शेतात शिरले. ते पाणी पुढच्या प्रत्येक भरतीला येत राहिले. हजारो कुटुंबे उरलेल्या बांधावर झोपड्या घालून राहिली, काही जण दोन-दोन वर्षे. हे बांध १९६० च्या दशकात बांधलेले आणि डागडुजीअभावी खंगलेले होते. त्यात कोळंबीची शेती करणाऱ्यांनी खारे पाणी आत घेण्यासाठी ठिकठिकाणी बांधांतून नळ घातले होते. कोळंबी परदेशात जाते, नफा मालकाला मिळतो आणि बांध फुटला की पाणी भूमिहीनाच्या घरात येते.

कोळ्यांचे आणखी निराळे. हंगामाआधी ते व्यापाऱ्याकडून 'दादन' घेतात. आपल्याकडे ऊसतोडीचे मजूर उचल घेतात, तसाच हा प्रकार. मासळी त्याच व्यापाऱ्याला, त्याने ठरवलेल्या भावात द्यायची. उचल फिटेपर्यंत होडी समुद्रात जायलाच हवी. रेडिओने 'जाऊ नका' म्हटले तरी सावकाराने तसे म्हटलेले नसते. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात मुंबईसमोरच्या समुद्रात पी-३०५ हा बार्ज बुडाला आणि त्यावरचे साठांहून अधिक कामगार गेले, ते आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे. वादळाची बातमी तेव्हा देशभर झाली होती. पण तो बार्ज तिथून कधी हलवायचा, हे कामगारांच्या हातात नव्हते.

तौक्तेचा विषय निघालाच आहे, तर आपल्याबद्दलही लिहायला हवे. त्या दिवशी आम्ही पॅरिश हॉल उघडला होता. चहा, बिस्किटे, चटया, मेणबत्त्या, सगळी व्यवस्था होती. व्हॉट्सॲपवरील समूहांत संदेश टाकले. संध्याकाळपर्यंत फारसे कुणी आले नाही, तेव्हा "आपल्याकडे तशी गरज नाही" असे म्हणून आम्ही समाधान मानले. दुसऱ्या दिवशी मागच्या चाळीकडे गेलो तर तीन खोल्यांचे पत्रे उडालेले. एका खोलीत एक मावशी अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याच्या अंगावर प्लॅस्टिक धरून रात्रभर बसल्या होत्या. त्या भाडेकरू. त्यांच्याकडे साधा फोन, म्हणून त्या कुठल्याच समूहात नाहीत. बाजूच्या खोलीतले बांधकामावरचे मजूर आपल्या धर्माचे नाहीत, त्यांना हॉल आपल्यासाठीही उघडा आहे असे वाटलेच नाही. आम्ही मावशींना विचारले, "तुम्ही हॉलमध्ये का नाही आलात?" त्या म्हणाल्या, "ह्यांना उचलणार कोण?"

सूचना आम्ही दिली होती. आमच्या हिशेबाने त्या 'ऐकत नाहीत' अशांमध्ये जमा झाल्या होत्या. काकांच्या प्रश्नाला बैठकीत आम्ही गप्प राहिलो, त्याचे खरे कारण हेच होते.

म्हणून पावसाळ्यापूर्वी प्रत्येक समूहाने आपल्या वाडीची एक यादी करायची असे पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत ठरले आहे. यादी फक्त आपल्या धर्मग्रामस्थांची नाही, वाडीत राहणाऱ्या सगळ्यांची. भाडेकरू, मजूर, चाळीमागच्या झोपड्या, सगळे आले. शक्यतो समूहातील महिलांनी जोडीने घरोघर जावे, कारण दुपारी घरात कोण असते हे त्यांना माहीत असते. कोरे तक्ते पॅरिश ऑफिसमध्ये ठेवले आहेत. त्यात चार रकाने आहेत: घरात कोण कोण आहे, कुणाला उचलून न्यावे लागेल, निरोप कुणी द्यायचा, आणि निघायला अडचण काय. चौथा रकाना कोरा ठेवू नये. तिथे 'काही नाही' असे लिहायचे असेल, तर त्या घरात बसून, विचारून मगच लिहावे.